ग्रब.सीएफजी उडाली: मित्राची फाइल आणण्याआधी हे वाचा

तुमची अडचण मला समजली ती अशी. लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू 22.04 दोन्ही आहेत. जागा कमी पडली म्हणून तुम्ही /बूट फोल्डरमधल्या काही फाइल काढल्या आणि त्यात ग्रब.सीएफजी, म्हणजे ग्रब या बूटलोडरची (चालू करताना सिस्टम निवडायचा मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची) मेनूची फाइल, गेली. आता चालू केल्यावर मेनूऐवजी काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब>’ येऊन थांबतं. मित्राकडे त्याच मॉडेलचा लॅपटॉप आहे, त्यावरही उबंटूच आहे. त्याची ग्रब.सीएफजी पेन ड्राइव्हवर आणून त्याच जागी ठेवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही चालणार. त्या फाइलमध्ये मेनूतल्या ओळींबरोबर डिस्कच्या पार्टिशनचे (भागांचे) यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) फाइलींची नेमकी नावं लिहिलेली असतात. यूयूआयडी पार्टिशन फॉरमॅट करताना तयार होतो, त्यामुळे लॅपटॉपचं मॉडेल एकच असलं तरी तो वेगळाच असणार. मित्राच्या घरचा पत्ता सांगून रिक्षा आपल्या दारात येत नाही. यात फसवणारा भाग असा की फाइल ठेवल्यावर मेनू दिसायला लागतो, काम झालं असं वाटतं, आणि उबंटू निवडल्यावर ‘नो सच डिव्हाइस’ म्हणून गाडी थांबते. मग लोक दुसऱ्याच दिशेने शोधायला लागतात.

मुळात ही फाइल कुठून ‘परत आणायची’ गरजच नसते. ग्रब.सीएफजी कोणी हाताने लिहीत नाही, ती तयार होते. तिच्या पहिल्याच ओळींत ‘ही फाइल बदलू नका, ती आपोआप तयार झाली आहे’ अशा अर्थाची सूचना असते आणि कशापासून तयार झाली तेही लिहिलेलं असतं: /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब ही सेटिंगची फाइल आणि /ईटीसी/ग्रब.डी या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट. ही दोन्ही तुमच्या मूळ पार्टिशनवर आहेत, /बूटमध्ये नाहीत. ती शाबूत असतील तर ग्रब.सीएफजी पुन्हा बनवणं हे एका कमांडचं काम आहे. म्हणून खरा प्रश्न असा आहे की ती कमांड चालवण्यासाठी तुमच्या उबंटूच्या आत कसं पोचायचं, आणि जागा करताना ग्रब.सीएफजीबरोबर आणखी काय काय गेलं. दुसऱ्या भागाचं उत्तर मला इथून देता येणार नाही, पण ते कसं ओळखायचं ते सांगतो.

(कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि सांगितलं नसेल तिथे सगळी लहान.)

आधी घाबरण्याबद्दल. ‘ग्रब>’ समोर तुम्ही इथे सांगितलेलं काहीही टाइप केलंत तरी डिस्कवर काही लिहिलं जात नाही. चुकलं तर बटण दाबून बंद करा आणि पुन्हा सुरू करा. तसंच विंडोज कुठेही गेलेलं नाही. चालू करताना एफ12, एफ9 किंवा तुमच्या कंपनीचं जे बूट मेनूचं बटण असेल ते दाबलंत तर ‘विंडोज बूट मॅनेजर’ वेगळं दिसेल आणि त्यातून विंडोज सुरू होईल. परीक्षा किंवा ऑफिसचं काम अडलं असेल तर ते आधी उरका. मात्र बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट (फक्त सही असलेला बूटलोडर सुरू होऊ देणारी सोय) चालू-बंद करत बसू नका. विंडोजवर बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) असेल तर अशा बदलानंतर ते रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती जवळ नसली तर एका अडचणीच्या दोन होतील.

आता पडद्यावर नेमकं काय लिहिलंय ते बघा. ‘ग्रब>’ आणि ‘ग्रब रेस्क्यू>’ यांत मोठा फरक आहे. नुसतं ‘ग्रब>’ म्हणजे बूटलोडर पूर्ण जागा झालाय, त्याला फक्त मेनूची फाइल सापडली नाही. ‘रेस्क्यू’ म्हणजे त्याला स्वतःचे मॉड्यूल, म्हणजे जोडभागही सापडले नाहीत, बहुतेक वेळा /बूट/ग्रब हा अख्खा फोल्डर गेलेला असतो किंवा पार्टिशनचे क्रमांक बदललेले असतात. तुमचं पहिल्या प्रकारातलं दिसतंय. ते सोपं.

‘ग्रब>’ समोर पहिल्यांदा ‘सेट पेजर=1’ टाइप करा, नाहीतर मोठी यादी भर्रकन वर निघून जाते. मग ‘एको $प्रीफिक्स’. ग्रब आपल्या फाइली कुठे शोधतोय तो रस्ता ही छोटीशी कमांड दाखवते, आणि त्यावरून बरंच काही कळतं. यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली पद्धत) मशीनवर उबंटूच्या दोन ग्रब.सीएफजी असतात, आणि याचा पत्ता बऱ्याच जणांना नसतो. एक मोठी, /बूट/ग्रबमध्ये, जिच्यात मेनू असतो. दुसरी ईएफआय पार्टिशनवर (बूटलोडर ठेवायच्या छोट्या भागावर) उबंटू नावाच्या फोल्डरमध्ये, जेमतेम तीन ओळींची. तिचं काम एवढंच की मूळ पार्टिशन यूयूआयडीवरून शोधायचं आणि ‘मोठी फाइल तिथे आहे, ती वाच’ असं सांगायचं. प्रीफिक्सच्या उत्तरात शेवटी /बूट/ग्रब आलं तर छोटी फाइल ठीक आहे आणि मोठी गेली आहे. उत्तरात ईएफआय/उबंटू असा रस्ता आला तर छोटीच गेली आहे आणि मोठी कदाचित जागेवर असेल. हे महत्त्वाचं, कारण मोठी फाइल ज्या कमांडने तयार होते ती छोटीला हातही लावत नाही. लोक ती कमांड पुन्हा पुन्हा चालवतात, ‘डन’ असं उत्तरही येतं, आणि रीस्टार्ट केल्यावर पुन्हा तोच काळा पडदा.

आता ‘एलएस’ करा. कंसात एचडी0, जीपीटी1, जीपीटी2 अशी पार्टिशनची नावं येतील. डिस्कची मोजणी 0 पासून आणि पार्टिशनची 1 पासून, हे लक्षात ठेवा. प्रत्येकाच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन ‘एलएस’ करत जा. ज्यात ईटीसी, होम, यूएसआर, बूट हे फोल्डर दिसतील ते तुमचं उबंटूचं पार्टिशन. समजा ते दुसरं आहे. मग त्याच्या /बूट फोल्डरची यादी काढा आणि या यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे लागणार आहे. व्हीएमलिनक्झने सुरू होणारी फाइल म्हणजे कर्नल, इनिटआरडी.आयएमजीने सुरू होणारी फाइल म्हणजे सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टम. एकाच आवृत्तीच्या या दोन्ही फाइल असतील तर तुम्ही पेन ड्राइव्हशिवाय आत जाऊ शकता.

त्याआधी एक तपासणी: ‘कॉन्फिगफाइल’ लिहून जागा सोडा आणि पुढे कंसातलं पार्टिशन व /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी हा पूर्ण रस्ता द्या. मेनू आला तर फाइल गेलेलीच नव्हती, ग्रब भलतीकडे शोधत होता. मग मेनूतून उबंटू सुरू करा आणि खाली ग्रब-इन्स्टॉलबद्दल लिहिलंय तिथे या.

मेनू आला नाही तर चार ओळी हाताने द्यायच्या. पहिली, ‘सेट रूट=’ आणि कंसात तुमचं पार्टिशन. दुसरी, ‘लिनक्स’, मग /बूट/व्हीएमलिनक्झ… ही पूर्ण फाइल, मग ‘रूट=/डेव्ह/…’ आणि शेवटी ‘आरओ’. तिसरी, ‘इनिटआरडी’ आणि त्याच आवृत्तीची इनिटआरडी.आयएमजी. चौथी, ‘बूट’. क्रम बदलू नका, कर्नल लोड झाल्याशिवाय ग्रब इनिटआरडी घेत नाही. लांबलचक नावं हाताने टाइप करू नका, सुरुवातीची अक्षरं देऊन टॅब दाबा, ग्रब ती पूर्ण करून देतो.

दुसऱ्या ओळीतल्या ‘रूट=’पुढे काय लिहायचं इथे सगळे अडतात. वरच्या ‘सेट रूट’मधलं नाव ग्रबच्या भाषेतलं आहे, इथे लिनक्सच्या भाषेतलं लागतं. एनव्हीएमई एसएसडी असेल तर दुसरं पार्टिशन म्हणजे /डेव्ह/एनव्हीएमई0एन1पी2, साटा डिस्क असेल तर /डेव्ह/एसडीए2. एकापेक्षा जास्त डिस्क असतील तर अंदाज चुकू शकतो. अशा वेळी ‘एलएस’पुढे कंसातलं पार्टिशन (शेवटची तिरकी रेघ न देता) लिहिलंत की त्याचा यूयूआयडी दिसतो, तो ‘रूट=यूयूआयडी=’पुढे लिहा (या शेवटच्या नावातली इंग्रजी अक्षरं मोठी). कंटाळवाणं आहे, पण खात्रीचं. /बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ‘सेट रूट’मध्ये ते वेगळं पार्टिशन द्या आणि फाइलच्या रस्त्यातून /बूट हा तुकडा काढा. लिनक्सच्या ‘रूट=’पुढे मात्र मूळ पार्टिशनच राहील.

इथे चुकलं तर कुठे चुकलं ते मशीनच सांगतं. ‘इनिटरामएफएस’ असा कंसातला प्रॉम्प्ट आला तर बहुधा ‘रूट=’ चुकलंय, किंवा इनिटआरडी दुसऱ्याच आवृत्तीची आहे. थेट कर्नल पॅनिक होऊन रूट फाइल सिस्टम माउंट करता (जोडता) येत नाही असं म्हणाला तर बहुधा इनिटआरडीची ओळ राहिली आहे.

आत पोचलात की लगेच कमांड मारू नका. आधी ‘डीएफ -एच’ करून /बूट आणि मूळ पार्टिशन भरलेलं नाही ना ते बघा. जागा नसताना फाइल बनवायला गेलं तर ती रिकामी किंवा अर्धवट होऊ शकते. /बूट वेगळं असेल तर ते खरंच माउंट झालंय का तेही पाहा. झालेलं नसेल तर नवीन ग्रब.सीएफजी मूळ पार्टिशनवरच्या रिकाम्या /बूट फोल्डरमध्ये जाऊन बसते आणि ग्रब तिथे कधीच बघत नाही.

मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. ही वेगळी करामत नाही. डेबियन आणि उबंटूत ती ‘ग्रब-एमकेकॉन्फिग’ला बोलावते आणि निकाल /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजीमध्ये लिहायला सांगते. तिचं उत्तर वाचा, नुसतं शेवटचं ‘डन’ बघून खूश होऊ नका. ‘फाउंड लिनक्स इमेज’ आणि ‘फाउंड इनिटआरडी इमेज’ या ओळी यायला हव्यात, आणि ज्या आवृत्त्या तुम्ही फोटोत पाहिल्या त्याच यायला हव्यात. या ओळी आल्या की उबंटूचं काम झालं.

त्या आल्या नाहीत, किंवा /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब सापडत नाही अशी तक्रार आली, तर तुमच्या साफसफाईत ईटीसीमधलंही काही गेलंय. इथे एक गोष्ट अशी आहे की जाणकारही चक्रावतात. ग्रबचं पॅकेज रीइन्स्टॉल केलं की हरवलेल्या फाइल परत येतील असं साहजिकच वाटतं. येत नाहीत. डेबियनच्या घराण्यात ईटीसीमधली कॉन्फिग फाइल तुम्ही काढलीत तर पॅकेज मॅनेजर तो तुमचा निर्णय मानतो आणि रीइन्स्टॉल करतानाही त्याचा आदर राखतो. मला हे धोरण योग्यच वाटतं, पण अशा वेळी ते आडवं येतं. उपाय म्हणजे स्पष्ट सांगायचं की गेलेल्या फाइल परत ठेव. /ईटीसी/ग्रब.डीमधल्या बहुतेक स्क्रिप्ट ‘ग्रब-कॉमन’ या पॅकेजच्या आहेत, म्हणून ‘एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ला ‘-ओ डीपीकेजी::ऑप्शन्स::=--फोर्स-कॉन्फमिस’ हा पर्याय जोडून ग्रब-कॉमन टाका (डीपीकेजी आणि ऑप्शन्सचं पहिलं अक्षर मोठं). /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रबसाठी सोपा रस्ता आहे: तिची मूळ प्रत /यूएसआर/शेअर/ग्रब/डीफॉल्ट/ग्रब इथे असते, ती कॉपी करा. हवं तर ही एक फाइल मित्राकडून आणलीत तरी चालेल, कारण मूळ स्वरूपात तिच्यात डिस्कचा पत्ता नसतो, किती सेकंद थांबायचं वगैरे सेटिंग असतात. त्याने तिच्यात स्वतःचे काही बदल केलेले नाहीत ना, तेवढं बघून घ्या.

ग्रब.डीमधल्या स्क्रिप्ट मात्र पेन ड्राइव्हवरून आणू नका. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट32 असतो, त्यावर लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत. ‘ग्रब-एमकेकॉन्फिग’ फक्त चालवण्याची परवानगी असलेल्या स्क्रिप्ट चालवतो आणि बाकीच्या न बोलता सोडून देतो. 10_लिनक्स या स्क्रिप्टची परवानगी गेली तर कमांड यशस्वी होते, फाइल तयार होते, आणि मेनूत उबंटूच नसतं. शंका आली तर ‘एलएस -एल /ईटीसी/ग्रब.डी’ करून 10_लिनक्सच्या ओळीत एक्स आहे का पाहा.

आता अवघड शक्यता: जागा करताना कर्नलच गेला असेल. ‘ग्रब>’मधल्या यादीत व्हीएमलिनक्झ दिसलीच नाही, तर हाताने बूट होणार नाही. मग उबंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (ज्यावरून इन्स्टॉल न करता उबंटू सुरू होतं) लागेल. तो यूईएफआय मोडमध्येच सुरू करा. टर्मिनलमध्ये /सिस/फर्मवेअर/ईएफआय हा फोल्डर दिसला तर मोड बरोबर आहे. ‘एलएसबीएलके -एफ’ने पार्टिशन ओळखा, मूळ पार्टिशन /एमएनटीवर माउंट करा, वेगळं /बूट असेल तर ते /एमएनटी/बूटवर, ईएफआय पार्टिशन /एमएनटी/बूट/ईएफआयवर. मग /डेव्ह, /प्रॉक, /सिस आणि /रन हे चार ‘माउंट --रबाइंड’ने /एमएनटीमध्ये त्याच नावांच्या फोल्डरवर जोडा आणि ‘सीएचरूट /एमएनटी’ करा. आता टर्मिनल लाइव्हचं असलं तरी कमांड तुमच्या उबंटूत चालतील. ही जोडणी न करता थेट लाइव्हमध्ये ‘अपडेट-ग्रब’ चालवलं की ग्रब-प्रोब ‘/काउचा रस्ता सापडत नाही’ अशी तक्रार करतो. ते डिस्क बिघडल्याचं लक्षण नाही, कमांड चुकीच्या घरात चालली एवढाच त्याचा अर्थ.

आत गेल्यावर कर्नलचं पॅकेज रीइन्स्टॉल करायचं. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी ‘यूनेम -आर’ वापरून आवृत्ती काढायला सांगतात. सीएचरूटमध्ये ते चुकीचं उत्तर देतं, कारण चालू असलेला कर्नल लाइव्ह पेन ड्राइव्हचा आहे, तुमचा नाही. त्याऐवजी ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत लिनक्स-इमेजने सुरू होणारी नावं बघा आणि त्यातलं सर्वांत नवं, आवृत्तीचा आकडा असलेलं पॅकेज रीइन्स्टॉल करा. कर्नल आहे पण इनिटआरडी नाही, अशी स्थिती असेल तर ‘अपडेट-इनिटरामएफएस -सी -के’ आणि पुढे ती आवृत्ती. इथे -यू नको, तो आधीपासून असलेली फाइल ताजी करतो, नसलेली बनवत नाही. त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’.

छोटी फाइल गेली असेल, किंवा /बूट/ग्रब हा पूर्ण फोल्डरच रिकामा असेल, तर ‘अपडेट-ग्रब’च्या आधी ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवा. यूईएफआय मशीनवर त्याला डिस्कचं नाव द्यावं लागत नाही, फक्त ईएफआय पार्टिशन /बूट/ईएफआयवर माउंट असायला हवं. तो मॉड्यूल परत ठेवतो आणि ती तीन ओळींची फाइल नव्याने लिहितो. जुनं बायोस मशीन असेल तर मात्र अख्ख्या डिस्कचं नाव द्यावं लागतं, पार्टिशनचं नाही.

मेनू परत आला आणि त्यात विंडोज नाही, असं झालं तर घाबरू नका. ग्रब 2.06 पासून दुसऱ्या सिस्टम शोधणारा ओएस-प्रोबर मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवलेला असतो, आणि 22.04 मध्ये हीच आवृत्ती आहे. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रबमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ घाला (बरोबरच्या चिन्हाआधीची अक्षरं मोठी, नंतरची लहान) आणि पुन्हा ‘अपडेट-ग्रब’ करा.

हे सगळं उबंटू आणि डेबियनचं झालं. फेडोरावर असाल तर यातलं बरंच बदलतं. तिथे फोल्डरचं नाव ग्रब2, ‘अपडेट-ग्रब’ नाही, आणि फेडोरा 34 पासून ईएफआयमधली ग्रब.सीएफजी ही तशीच छोटी फाइल आहे. जुनी माहिती वाचून तिच्यावर ‘ग्रब2-एमकेकॉन्फिग’चा निकाल लिहू नका, निकाल /बूट/ग्रब2/ग्रब.सीएफजीमध्येच जायला हवा. यूईएफआयवर तिथे ग्रब-इन्स्टॉलच्या वाटेलाही जाऊ नका, शिम (सिक्युअर बूटसाठीचा छोटा बूटलोडर) आणि ग्रब2-ईएफआयची पॅकेजं डीएनएफने रीइन्स्टॉल करा, म्हणजे सिक्युअर बूटची सही टिकते. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टम वापरत असाल तर माउंट करताना सबव्हॉल्यूम सांगावा लागतो: फेडोरात तो ‘रूट’, उबंटूत ‘@’. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर लाइव्हमध्ये आधी ‘क्रिप्टसेटअप’ने उघडायची, मग माउंट.

बूट-रिपेअर हा आपोआप दुरुस्ती करणारा प्रोग्रॅम कोणीतरी सुचवेलच. ते वाईट नाही, पण नेमकं काय गेलं होतं ते न कळताच सगळं पुन्हा बसवतं, आणि तुमच्यासारख्या ‘बहुतेक एकच फाइल गेली’ असलेल्या मशीनवर मी ते शेवटी वापरेन.

एवढं करून अडलात तर तीन गोष्टी इथे टाका: ‘ग्रब>’मध्ये प्रीफिक्सचं आलेलं उत्तर, /बूटच्या यादीचा तो फोटो, आणि ‘अपडेट-ग्रब’ने दिलेला पूर्ण मजकूर, पहिल्या ओळीपासून. ‘एलएसबीएलके -एफ’चं उत्तर जोडलंत तर पार्टिशनचे क्रमांक विचारण्यात वेळ जाणार नाही.